वरची मी, खालचा तो

लग्न-समुपदेशकांपासून सकाळच्या व्हॉट्सॲप सुविचारांपर्यंत सगळे एकच सांगतात, ‘स्वतःला जोडीदाराच्या जागी ठेवून बघा.’ सांगणाऱ्याचं काय जातं? ॲक्रोयोगाच्या वर्गात मात्र हे खरोखर करायला लावतात. तेही भल्या पहाटे, पैसे घेऊन.

जेसन नेमर आणि जेनी सॉअर-क्लाइन या दोघांनी २००३ मध्ये कॅलिफोर्नियात योग, कसरत आणि थाई मसाज एकत्र करून हा प्रकार उभा केला. एकाने पाठीवर झोपून पाय वर करायचे, तो बेस. दुसऱ्याने त्या पायांवर तरंगायचं, तो फ्लायर. तिसरा हात पुढे करून बाजूला उभा, तो स्पॉटर. कुणी पडलंच तर सावरायला. सुरुवात फ्रंट बर्डने होते. आपण पोरांना पायांवर घेऊन विमान विमान करतो ना, तेच. फक्त इथे पोर ६८ किलोचं होतं.

पोर म्हणजे मी. नवऱ्याने आपले गारढोण तळवे माझ्या कमरेच्या पुढच्या हाडांवर टेकवले, मी पुढे झुकले, त्याने गुडघे सरळ केले आणि पायाखालची जमीन गेली. वर गेल्या गेल्या माणसाला एकच गोष्ट स्पष्ट दिसते, ती म्हणजे खालचा हलतोय.

“अरे, हलू नकोस!”

“मी कुठे हलतोय? तूच वळवळतेयस!”

“काकू, पोट घट्ट. काका, पाय सरळ,” शिकवणारी मुलगी शांतपणे म्हणाली. काकांना यावर बरंच बोलायचं होतं, पण तेवढ्यात माझं मंगळसूत्र लोंबत लोंबत त्यांच्या उघड्या तोंडात गेलं. (‘दागिने काढून या’ असा मेसेज आला होता. मंगळसूत्र दागिन्यांत धरायचं का, यावर घरी एकमत झालं नव्हतं.)

मग अदलाबदल. ८१ किलोचा ऐवज माझ्या पायांवर येणार म्हटल्यावर मी गुडघ्यांचा मनोमन निरोप घेतला. पण इथे एक गंमत आहे. पाय जमिनीशी काटकोनात राहिले, तर भार स्नायूंवर फारसा न पडता हाडांवरून सरळ खाली उतरतो. तेच पाय तिरके झाले, की हलकं माणूसही जड लागतं. वरच्याने अंग ढिलं सोडलं तरी तीच गत. थोडक्यात, प्रश्न वजनाचा नसून कोनाचा असतो, हे ऐकून आम्ही दोघंही खूश झालो.

नवरा वर गेला. आणि माझ्या तोंडून निघालं, “वळवळू नकोस!” वरून लगेच उत्तर, “तू हलतेयस!” वाक्यं तीच, मजले तेवढे बदललेले. मी समजूतदारपणा येण्याची जरा वाट पाहिली. आला तो घाम, त्याच्या नाकाच्या शेंड्यावरून थेट माझ्या चष्म्यावर. त्या चष्म्यातून मला दोन नाकपुड्या, दोन हनुवट्या आणि माझ्यावरचा नितांत विश्वास दिसला. विश्वास कसला म्हणा, दुसरा इलाज नव्हता.

मला हेवा वाटला तो स्पॉटरचा. डोक्यावर भार नाही, पायांखाली पोकळी नाही. मात्र त्याने नजर हलवायची नाही आणि उगाच मध्ये बोलायचंही नाही. आमच्या काही नातेवाइकांना या प्रशिक्षणाला पाठवायला हवं.

आणखी एक नियम झकास आहे. कुणीही ‘डाऊन’ म्हटलं, की तिथल्या तिथे थांबून सुखरूप खाली यायचं. का, कशाला, आधी कोण चुकलं, काही नाही. माळा आवरायचा विषय निघाल्यावर नवऱ्याने घरी तो वापरून पाहिला. घरी तो नियम लागू नाही.

पुढे थेराप्युटिक प्रकार आला. यात वरच्याने कमरेतून वाकून नुसतं सैल लोंबायचं आणि खालच्याने त्याचे खांदे, पाठ दाबून द्यायची. एकाएकी दोघांनाही वरच्या जागेबद्दल फार आस्था वाटू लागली. मुलगी म्हणाली, “आधी काका.” काका लोंबले. मी मनापासून खांदे दाबले. थोड्या वेळाने माझ्या पोटऱ्या लटलटायला लागल्या.

“डाऊन,” मी म्हटलं. काही हालचाल नाही. “अरे, डाऊन!”

स्पॉटर खाली वाकला, त्याने काकांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि हळूच म्हणाला, “काकू, झोपलेत हो.”