शहापूरच्या काकूंनी एक स्टार दिलाय, त्यावर आमचं उत्तर

नमस्कार काकू, तुमचा रिव्ह्यू परवा मुलानं दाखवला. तुम्ही लिहिलंय की जुन्या घरावर दोन खोल्या मागितल्या होत्या त्या आम्ही परड्यात बांधायला लावल्या, पायाचे 38,000 जास्त घेतले, आणि आता पावसात मागची खोली ओली होतेय.

ओलीचं खरं आहे आणि चूक आमचीच आहे. जुनं घर कधीच बसून गेलंय, नवीन बांधकाम मात्र पहिल्या एक-दोन पावसाळ्यात थोडं तरी बसतंच, म्हणून दोन्ही भिंतींच्या मधी सांधा मोकळा सोडून वरनं पत्र्याची पट्टी मारायला पाहिजे होती. गवंड्यानं तिथं सिमेंट भरून गिलावा केला, मी बघितलं आणि तसंच सोडलं, कारण मे संपत आला होता, ढग यायला लागले होते. आता त्या सिमेंटला केसाएवढी चीर गेलीय, पाणी तिथनंच आत येतंय. सांधा फोडून नीट करून देतो, तुमचा एक रुपया लागणार नाही.

पण वरच्या खोल्यांना मी नाही म्हटलं ते आजही नाहीच म्हणेन काकू. मधल्या खोलीचा गिलावा तुमच्यासमोरच हातभर काढला होता, आठवतंय काय, दगडांच्या मधी खिळा घातला तर चार बोटं आत गेला आणि लाल माती भुरभुर खाली सांडली. ती मातीत रचलेली भिंत आहे ओ, कौलाचं ओझं इतकी वर्षं पेलली तेच खूप. 5 इंची स्लॅब म्हणजे 10 बाय 12 च्या एका खोलीला नुसतं साडेतीन टन वजन, भिंती, टाकी, माणसं वेगळीच. वरच पाहिजे तर खालनं कॉलम काढावे लागले असते, म्हणजे राहतं घर मोकळं करून फरशी फोडायची, त्याला तुम्हीच नको म्हणालात. दुसरा कोण बांधून देतो म्हणाला असेल तर त्याला आधी तो खिळा घालून बघायला सांगा. त्या भिंतीखाली तुमची नातवंडं झोपतात.

पाया 3 फुटाचा ठरला होता हे बरोबर, पण परड्यात काळी माती लागली, ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर पाया ठेवला तर भिंती तडकणारच, म्हणून मुरूम लागेपर्यंत 5 फूट गेलो. दगड आणि मजुरी त्यातच गेली. मात्र काकांना फोनवर सांगितलं आणि तुम्हाला हिशोब लिहून दिला नाही, ते चुकलं.

उद्यमबागेत कामाला जाणारी ती दोन पोरं 1 तारखेला भाड्यानं येणार म्हणालात, त्यांना सध्या पुढच्याच खोलीत ठेवा, मागची भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंग पण मारायचा नाही. रविवारी सकाळी गवंड्याला घेऊन येतोय, बिलं पण बरोबर आणतो, काका घरात असतील एवढं बघा.