वलगणीचे मासे आणि आजोबांचा ठिगळांचा पाग

मृगाचा पाऊस सलग दोन रात्री कोसळला की आमच्या सुधागडात गावात कुणाला धड झोप नसते. पऱ्या, म्हणजे आमचा ओढा, गढूळ होऊन दणाणायला लागला की समजायचं, वलगण लागली, मासे चढणीला निघाले. यंदाही गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो आले. ताडपत्रीवर ओतलेले मासे, शिवडे, खवली, शिंगटी, दोनचार मोठ्या मरळी, आणि सगळ्यांची पोटं गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी, टम्म. खाली अंगठे, आणि "हीच आपली परंपरा". एरवी मीही अंगठा देऊन पुढे जातो. यंदा 'ही मासेमारी जरा आवरा' अशा दोन ओळी लिहिल्या, तर दोन भावकीतल्यांनी बोलणं टाकलंय. म्हणून इथे सविस्तर लिहितो.

आधी कबुली देतो. मी शाकाहारी नाही आणि पनवेलच्या गॅलरीत बसून निसर्गावर बोलणाराही नाही. सातवीत असल्यापासून आजोबांच्या मागे कंदील धरून वलगणीला जातोय. लोणच्याला आणलेल्यातली उरलेली कैरी घालून केलेलं वलगणीच्या माशांचं कालवण, सोबत तांदळाची भाकरी आणि तव्यावर परतलेली गाबोळी. याच्यापुढे मला सुरमई नको.

पण मासा चढणीला लागतो कशासाठी? अंडी घालायला. उन्हाळाभर तो पऱ्यातल्या कोंडीत, म्हणजे खोल खळग्यात, नाहीतर अंबा नदीच्या डोहात अडकून असतो. पहिल्या मोठ्या पावसात नदी, पऱ्या आणि भाताची खाचरं एका पाण्याने जोडली जातात, तेव्हा तो प्रवाहाच्या उलट सरपटत, उड्या मारत खाचरापर्यंत येतो. तिथलं पाणी उथळ, ऊबदार, मोठे मासे फारसे नाहीत, पिल्लांना खायला भरपूर. पावसाचा जोर ओसरला की पिल्लं पाण्याबरोबर उतरणीला लागून नदीत जातात. वीतभर माशाच्या पोटात हजारो अंडी असतात. म्हणजे ताडपत्रीवरच्या त्या फोटोत पुढच्या दोनतीन वर्षांचं कालवण पसरलेलं होतं.

यावर ग्रुपवर उत्तर आलं, "आपले आजे-पणजे हेच करत होते, तेव्हा नाही संपले मासे?"

खरं आहे, नाही संपले. पण आपले आजे-पणजे काही साधुसंत नव्हते. उन्हाळ्यात गेळ्याची फळं नाहीतर रामेठ्याची साल ठेचून कोंडीत टाकायचे आणि गुंगलेले मासे वेचायचे, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. आजोबांना मी 'गाबोळीवाली सोड' म्हटलं असतं तर त्यांनी मला कंदिलासकट पऱ्यात ढकललं असतं. मासे उरले ते त्यांच्या दयेने नाही, त्यांच्या हत्यारांमुळे. सुताचा पाग, म्हणजे फेकायचं जाळं, त्याला सतरा ठिगळं. मासे अडकवायची बांबूची एक खोईन, तीही लोंढा आला की वाहून जायची. कंदिलाचा उजेड दोन हात. शंभरातले दहा मिळायचे, नव्वद वर जायचे. राखण माणसाच्या मनात नव्हती, ती त्या फाटक्या पागात होती.

आता पाग नायलॉनचा आहे. डोक्याला बॅटरी, तिचा झोत पल्याडच्या काठापर्यंत. रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाला या टोकापासून त्या टोकापर्यंत जाळं, एक मासा वर जाऊ नये असं. आणि काही ठिकाणी तर इन्व्हर्टरची बॅटरी खांद्याला लावून पाण्यात करंट सोडतात. त्यात पिल्लू, बेडूक, खेकडा काही सुटत नाही; कधी सोडणाराही सुटत नाही. उन्हाळ्यात ब्लीचिंग पावडर टाकून कोंड पांढरी करणारे वेगळेच. याला परंपरा म्हणायचं असेल तर आजोबांचा पाग माळ्यावर आहे, येऊन बघून जा.

बरं, कायदा नाही असं नाही. पाण्यात स्फोटकं किंवा विष टाकून मासे मारायला बंदी आहे ती १८९७ पासून, इंग्रजांच्या काळापासून. समुद्रात १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, कारण तेच, माशांची वीण. केरळने तर चढणीच्या माशांच्या मासेमारीवरच बंदी घातली. इथेही तसंच करा, असं आमचे पुण्या-मुंबईचे मित्र म्हणतात. मला ते पटत नाही. आमच्या वाडीतली कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवरून परततात ती नेमकी याच दिवसांत. हातातला पैसा उचल फेडण्यातच संपलेला, लावणीची मजुरी अजून सुरू व्हायचीय. त्यांच्यासाठी वलगण हौस नाही, चूल आहे. सरसकट बंदी आली की पहिला पकडला जाईल तो खोईनवाला कातकरी. चारचाकीतून जाळी घेऊन येणारा सुटेल, त्याची ओळख असते.

आणि आपल्याला राखण जमतच नाही असंही नाही. पालघरमधल्या वाडा गावाजवळ तिळसेश्वराच्या देवळापाशी वैतरणेत, महाडकडे वाळणकोंडीत, देवाचे मासे आहेत. अंगाने दांडगे खडस (महसीर) हातातल्या चुरमुऱ्यांसाठी काठापर्यंत येतात. भर दुपारी, सगळ्यांसमोर, आणि कुणाची हात लावायची छाती नाही. भीती देवाची असेल, असू दे. (आमच्या पऱ्यावर एखादा देव बसवावा असं मला अधूनमधून वाटतं. पण मग वर्गणी काढावी लागेल, मंडळ होईल, डीजे येईल.)

एक गोष्ट मात्र मासे मारणाऱ्यांच्या माथी मारता येणार नाही. निम्मी खाचरं पडीक आहेत. मुलं नोकरीला, शेत फार्महाऊसला. बांध फुटले की पाणी थांबत नाही, आणि पाणी थांबलं नाही तर मासा वर येऊन अंडी घालणार कुठे? जी शेतं अजून लागतात त्यांच्या बांधांवर तणनाशक. हे सगळं आपणच विकलं, आपणच फवारलं.

माझं ग्रुपवरचं म्हणणं इतकंच होतं. पहिल्या दोन रात्री पाण्यात उतरायचं नाही. मोरीला जाळं आडवं लावायचं नाही, निम्मी वाट मोकळी ठेवायची. करंटवाला दिसला तर, तो आपल्या घरातला असला तरी, हाकलायचा. वाडीवरची खोईन कुणी हलवायची नाही.

मीही यंदा गेलो, तिसऱ्या रात्री. पाच शिवडे मिळाले. आई म्हणाली, "एवढ्यासाठी भिजलास?"

ग्रुपवर माझ्या मेसेजखाली एकाने हात जोडले आहेत, ते सहमतीचे की 'आता पुरे'चे, कळलं नाही. त्यानंतर सरपंचांच्या पुतण्याचा वाढदिवस आला आणि विषय वर सरकून गेला.