‘पोर्टेबल घर म्हणजे कागदाची कटकट नाही’ – कोण म्हणालं?

सध्या बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी, कुठल्याबी ग्रुपवर बघा, एक मेसेज फिरतोय. शेतात कंटेनरचं नाहीतर पोर्टेबल घर ठेवा, ते जंगम म्हणजे हलवता येणारं असतं त्यामुळं एन.ए. (बिगरशेती परवानगी) नको, टॅक्स नको, आणि कंटाळा आला की घेतलेल्या किमतीला विका, बाँडवर सही केली की विषय संपला, अमेरिकेत लोक असंच करतात. ऐकायला भारी वाटतंय, पण विकायला निघाल्यावर काय होतंय ते बघू.

एन.ए. नको? अहो एन.ए. घराच्या पायाला लागत नाही, जमिनीच्या वापराला लागतं. कर्नाटक भूमहसूल कायदा १९६४ चं कलम ९५ बघा की. शेतकऱ्याला आपल्या शेतात राहायला, अवजारं ठेवायला घर चालतं, मग ते कौलारू असू दे नाहीतर पत्र्याचं. पण तेच जांबोटी रोडला ठेवून शनिवार-रविवार गोव्याच्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायला लागला की वापर बदलला, खाली चाकं असली काय नसली काय. भूसुधारणा कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर शेतकरी नसलेल्यालाही इथं शेतजमीन घेता येते, म्हणून बाहेरचे लोक येतात आणि पहिला प्रश्न हाच विचारतात, हे इथंच ठेवून चालवता येतंय काय? उताऱ्यावर नुसती शेती असली की ते रिसॉर्टचा भाव देत नाहीत.

बाँडवर सही केली की झालं, हे अर्धं खरं आहे. केबिन नुसती ठेवलेली असेल, उचलून न्यायची असेल, तर तो माल, १९३० च्या माल विक्री कायद्यातला, त्याला रजिस्ट्रेशन लागत नाही. मूळ बिल आणि लोन असेल तर ते फिटल्याचं पत्र मात्र द्या. पण प्लिंथ म्हणजे जोतं बांधून बोल्टनं आवळलंय, सेप्टिक टँक जोडलाय, आणि जागेसकट विकताय, तर मग जागेचं खरेदीपत्र सब-रजिस्ट्रारकडंच, नोटरीचा कागद तिथं चालत नाही. जंगम का स्थावर (जमिनीला धरून असलेलं) हे कसं बसवलंय आणि कशासाठी बसवलंय त्यावर ठरतं. डंकन्स इंडस्ट्रीजच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं खताच्या कारखान्याची पक्की बसवलेली मशिनरीसुद्धा स्थावर धरली आणि स्टॅम्प ड्युटी लावली होती.

घेतलेल्या किमतीला विका, हे तर कहरच. नव्याच्या बिलात १८ टक्के जीएसटी असतो, तो तुम्हाला कोण परत देणार? (टॅक्स नको म्हणणाऱ्यानं आधी स्वतःचं बिल बघावं.) प्लिंथ, बोअर, हेस्कॉमचा लाइटचा मीटर जाग्यावरच राहतो. घेणाऱ्याला इथं उचलायला एक हायड्रा क्रेन, तिकडं उतरवायला दुसरी, मधे ट्रेलर, आणि हे सगळं तो तुमच्याच किमतीतनं कापतो. त्यातनं रुंदीचा घोळ. गाडीची रुंदी २.६ मीटर म्हणजे साडेआठ फुटाच्या आत पाहिजे असा केंद्रीय मोटार वाहन नियम आहे. शिपिंग कंटेनर आठ फुटी असतो म्हणून सुटतो, पण ऐसपैस पाहिजे म्हणून बारा फुटी केबिन करून घेतली तर ती ओव्हरसाइज माल, परवानगी काढून न्यायची, आणि चोर्ला घाटाच्या वळणावरनं ती गोव्याकडं नेणारा ट्रेलरवाला शोधा तुम्ही. म्हणून लांबचं गिऱ्हाईक गळतं आणि जवळचा पाडून मागतो. वर कणकुंबी-जांबोटीचा पाऊस. जाणता माणूस आतलं पीओपी बघत बसत नाही, आधी वाकून फ्लोअरखालचे लोखंडी चॅनल बघतो, मग छतावरच्या स्क्रूंचे वॉशर. तिथं गंज दिसला की रंगाच्या पैशाची वसुली विसरा.

राहिली अमेरिका. तिकडं मोबाइल होमला बहुतेक राज्यांत गाडीसारखं टायटल म्हणजे मालकीचा कागद असतो, १५ जून १९७६ नंतर बनलेल्यांना सरकारी मानकाची लाल पट्टी असते, त्याआधीचं असलं तर गिऱ्हाईक आणि कर्ज दोन्ही मिळणं अवघड, आणि मोबाइल होम पार्कात भाड्याच्या प्लॉटवर उभं असेल तर नव्या माणसाला पार्कवाल्याची मंजुरी लागते. म्हणजे कागद तिकडं जास्तच की! आपल्या केबिनला आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) नाही, टायटल नाही. आरसी असते ती कॅरॅव्हॅनला, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीला, आणि ती विकली तर नाव बदलायचे फॉर्म २९, ३०, चौदा दिवसांत आरटीओला कळवणं, कोल्हापूरच्या माणसाला दिली तर वर एनओसीचा फॉर्म २८. नाव बदलेपर्यंत बेळगावच्या केए-२२ नंबरवर येणारं प्रत्येक चलन तुमच्याच नावावर.