बॅटरीचं कटर आहे म्हणून चालू केबल कापणाऱ्यांना

‘बॅटरीवर चालणाऱ्या केबल कटरचा मेन लाईनशी संबंधच नसतो, त्यामुळे चालू केबल कापली तरी शॉक बसत नाही. शटडाऊनची गरज नाही. हँडल रबरी आहे. टेस्टर लावा, पेटला नाही तर बिनधास्त कापा. हे कटर काहीही कापतं.’ असा मेसेज वायरमन मंडळींच्या ग्रुपांवर फिरतोय, सोबत एक व्हिडिओ. एरवी सोडून दिला असता. पण मला तो पाठवला माझ्या भाच्याने. पोरगं आयटीआय करून नुकतंच अप्रेंटिसला लागलंय. खाली लिहिलं होतं, ‘मामा, साईटवर सगळे हेच म्हणतात.’ म्हणून हे लिहायला बसलो.

‘मेन लाईनशी संबंध नाही.’ अहो, मोटर १८ व्होल्टवर फिरते, त्या १८ व्होल्टचा शॉक बसत नाही, मान्य. पण भीती टूलमधल्या करंटची कधी होती? केबलमध्ये आहे त्याचं काय? पातं पोलादी आहे. ते इन्सुलेशन चिरून तांब्या-ॲल्युमिनियमला टेकलं की कटरचं डोकं लाईनचाच भाग झालं. साडेतीन कोअरच्या (तीन फेज आणि एक बारीक न्यूट्रल) केबलमध्ये तेच पातं एका फेजमधून दुसऱ्या फेजला भिडतं, आर्मर्ड (वरून धातूचं कवच) असेल तर फेज आणि अर्थ केलेल्या आर्मरला. म्हणजे शॉर्ट सर्किट तुमच्या हातात, चेहऱ्यापासून दोन फुटांवर. २०० केव्हीएच्या डीपीचा, म्हणजे वस्तीतल्या ट्रान्सफॉर्मरचा, पूर्ण लोडचा करंट साधारण २६७ अँपिअर. इम्पिडन्स (ट्रान्सफॉर्मरचा आतला अडथळा) ४.५ टक्के धरा, तर ट्रान्सफॉर्मरजवळच्या शॉर्टला जवळजवळ ६,००० अँपिअर वाहतात. तांबं १,०८५ अंशांना वितळतं आणि आर्क (हवेतून पेटणारी विजेची ज्योत) त्याच्या कितीतरी वर जातो. शॉक बसलाच नाही असं समजा. चेहरा, डोळे, हात भाजायचे ते भाजणारच.

मेसेजवरच्या चर्चेत एका शहाण्याचं म्हणणं होतं की ‘फटकन कापलं की एमसीबी ट्रिप होतो, काही होत नाही.’ यांनी हे टूल हातात तरी घेतलंय का? हे हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचं) कटर फटकन कापतच नाही. पंप दाब भरतो, पातं सावकाश पुढे सरकतं, जाड केबलला काही सेकंद जातात. ट्रिगर सोडला तरी बऱ्याच टूलांत पातं आहे तिथेच थांबतं, मागे घ्यायला वेगळं बटण दाबावं लागतं. आर्क पेटल्यावर ते बटण शोधत बसणार का? शिवाय डीपीपासून निघालेल्या केबलवर तुमच्या घरचा एमसीबी नसतो. तिथे फ्यूज असतो, आणि तो फ्यूज आहे की कोणीतरी जाड तार गुंडाळून ठेवलीय, ते उघडून बघेपर्यंत सांगता येत नाही.

रबरी हँडलच्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, तेवढं नाइलाजाने कबूल करतो. ड्रिल किंवा करवतीच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की भिंतीतली वायर लागण्याची शक्यता असेल तर टूल इन्सुलेटेड पकडीला धरा. पण ती सूचना चुकून लागलेल्या वायरसाठी आहे, मुद्दाम चालू केबल कापण्यासाठी नाही. लाईव्ह कामाच्या हातहत्यारांवर दोन त्रिकोणांची खूण आणि १,००० व्होल्ट असं छापलेलं असतं, आयईसी ६०९०० या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे. तुमच्या कटरवर तसं काही नसेल, तर ते रबर हात घसरू नये म्हणून आहे.

आता टेस्टर. माझ्या मते सगळ्यात जास्त घात इथेच होतो. आर्मर्ड केबलवर बाहेरून टेस्टर किंवा पेन डिटेक्टर लावून काहीच कळत नाही, कारण आतल्या फेजभोवती अर्थ केलेलं धातूचं आवरण असतं. ११ केव्हीच्या केबलमध्ये तांब्याची स्क्रीनही असते. चालू केबलवरही टेस्टर पेटत नाही आणि तुम्ही म्हणता डेड आहे! त्यात खड्ड्यात तीन केबली शेजारी शेजारी, तिन्ही काळ्या. शटडाऊन घेतला एकीचा आणि कापली दुसरी, असं होतं. स्वीच पाडूनही उलटा सप्लाय येऊ शकतो, चेंजओव्हर (मेन किंवा जनरेटर, एका वेळी एकच जोडणारा स्वीच) न लावता जोडलेल्या जनरेटरचा किंवा चुकीच्या वायरिंगच्या इन्व्हर्टरचा. लांब एक्सएलपीई (प्लास्टिक इन्सुलेशनची) केबल सोडवल्यावरही चार्ज धरून ठेवते. आणि सोलरच्या डीसी केबली मेन बंद केल्यावरही ऊन असेपर्यंत जिवंतच असतात.

कोणाला मामाचं पटत नसेल त्याने केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षिततेचे विनियम, २०२३ उघडावेत. कंडक्टरला हात लावण्याआधी अर्थिंग करून किंवा योग्य उपायाने तो डिस्चार्ज करायचा, काम चालू असताना तो चुकून चार्ज होणार नाही याची व्यवस्था करायची, आणि चालू लाईनवर नेमून दिलेल्या माणसाशिवाय कोणी काम करायचं नाही. टूल हाताचं की बॅटरीचं, असा भेद त्यात कुठेही नाही. साईटवर याचा अर्थ सरळ आहे: लाईन क्लिअर परमिट (लाईन बंद केल्याची लेखी परवानगी), स्वीचला कुलूप आणि पाटी, आयडेंटिफायर यंत्राने नेमकी केबल ओळखणं, टोकाला उघड्या कंडक्टरवर तपासणी (टेस्टर आधी आणि नंतर चालू पॉईंटवर बघून), मग अर्थिंग, आणि नंतर कटर.

तो व्हिडिओ तर नीट बघाच. कटर खड्ड्यात केबलवर एकटंच बसलंय, माणूस दहा-बारा पावलं लांब रिमोट घेऊन उभा. हे चालू केबल बिनधास्त कापणं नाही. सगळी खबरदारी घेऊनही केबल चुकीची निघाली तर माणूस जवळ नको, म्हणून तसं करतात. युरोपात ३० केव्हीपर्यंतच्या अशा हायड्रॉलिक कटरांसाठी ईएन ५०३४० हे वेगळं मानक आहे. मेसेज पाठवणाऱ्याने स्वतःच्या विरुद्धचाच पुरावा जोडलाय.

‘काहीही कापतं’ हेही खोटं. तांबं-ॲल्युमिनियमच्या पात्यात एसीएसआरची (ओव्हरहेड ॲल्युमिनियम कंडक्टरच्या गाभ्यातली) पोलादी तार किंवा जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडाचं) आर्मर घातलं तर पातं उडतं; कशाला चालतं ते टूलवर लिहिलेलं असतं. चष्मा लागतोच, तुटलेली टोकं उडतात, ताणातली केबल उसळते. आणि जबड्यात तुकडा अडकला तर आधी बॅटरी काढायची, मग हात घालायचा, कारण अशा कटरांचा जोर सहा-सहा टनांचा असतो. मेसेजभर बॅटरीचं कौतुक आहे, ती कधी काढायची ते मात्र एका शब्दाने नाही.