कॅगचा अहवाल आणि अधिवेशनाचा शेवटचा दिवस

महाराष्ट्र विधिमंडळाचं अधिवेशन संपत आलं की आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘कॅग’, म्हणजे सरकारी हिशेब तपासणारा देशाचा महालेखापरीक्षक, हमखास उगवतो. शेवटच्या दिवशी अहवाल पटलावर ठेवला जातो, संध्याकाळी वाहिन्यांवर ‘कॅगचे ताशेरे’ अशी पट्टी धावते, आणि मग कुणीतरी मला उद्देशून लिहितं, “तुमच्या अमेरिकेत असलं खपवून घेत नसतील.” मी बरीच वर्षं मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. तेव्हा इथे काय काय खपतं ते एकदा सविस्तर सांगायला हवं.

या राज्याचा ऑडिटर, म्हणजे सरकारी खात्यांचा कारभार तपासणारा अधिकारी, थेट जनतेतून निवडून येतो. गव्हर्नरसारखाच, दर चार वर्षांनी, पक्षाच्या तिकिटावर. डायना डिझोग्लिओ या बाई आधी याच विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत बसलेल्या. 2023 च्या जानेवारीत त्या ऑडिटर झाल्या आणि थोड्याच दिवसांत त्यांनी जाहीर केलं, की आता विधिमंडळाचंच ऑडिट करणार. विधिमंडळाने सांगितलं, तुम्हाला तो अधिकारच नाही. अ‍ॅटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्यानेही, तसंच मत दिलं. मग बाईंनी सह्या गोळा करून प्रश्न सरळ मतपत्रिकेवर नेला.

इथे निवडणुकीआधी घरोघरी टपालाने एक लाल मुखपृष्ठाची पुस्तिका येते. प्रत्येक प्रश्नाचा कायद्याचा मसुदा, ‘हो’ म्हटलं तर काय होईल, ‘नाही’ म्हटलं तर काय, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं, सगळं शेजारीशेजारी छापलेलं. 2024 च्या नोव्हेंबरात प्रश्न क्रमांक 1 हाच होता: ऑडिटरला विधिमंडळ तपासण्याचा अधिकार द्यायचा का? त्याच दिवशी ट्रम्प आणि हॅरिस यांच्यापैकी एकाला निवडायचं होतं आणि त्यावरून शेजारीपाजारी एकमेकांशी धड बोलत नव्हते. पण या प्रश्नावर सुमारे 72 टक्के मतं ‘हो’ पडली. माझंही त्यातलंच.

आणि त्यानंतर? काही नाही. कायदा झाला, पण मतदानाला वर्ष होत आलं तरी विधिमंडळाने आपली दप्तरं उघडली नव्हती. सत्तेच्या तीन शाखा वेगळ्या, एकीने दुसरीच्या कारभारात डोकावणं घटनेत बसत नाही, असा त्यांचा युक्तिवाद. तो अगदीच टाकाऊ आहे असं नाही, पण कुणाच्या तोंडून येतो तेही पाहावं लागतं. ऑडिटरला कोर्टात जायचं तर अ‍ॅटर्नी जनरलच्या मार्फत जावं लागतं, आणि तिथेही गाडी अडली. गंमत म्हणजे ऑडिटर डेमोक्रॅट, अ‍ॅटर्नी जनरल डेमोक्रॅट आणि दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅटांचंच प्रचंड बहुमत. विरोधी पक्षाचा कट वगैरे म्हणायचीही सोय नाही. वर ऑडिटरच्या कार्यालयाचं बजेट मंजूर करतं कोण, तर हेच विधिमंडळ. राज्याचा सार्वजनिक कागदपत्रांचा कायदाही या विधिमंडळाला लागू नाही. माहितीच्या अधिकाराखाली ग्रामपंचायतीची मोजमाप पुस्तिका मागवणाऱ्या आपल्याकडच्या माणसाला हे सांगितलं तर तो हसेल.

तरीही एका गोष्टीचा मला हेवा वाटतो, आणि ती अगदी नीरस आहे. एखाद्या खात्याचं ऑडिट पूर्ण झालं की तो अहवाल ऑडिटरच्या कार्यालयाकडूनच संकेतस्थळावर येतो. कुणी मंत्री तो पटलावर ठेवेपर्यंत थांबावं लागत नाही. प्रत्येक आक्षेपाखाली त्या खात्याचं उत्तर असतं आणि त्या उत्तराखाली ऑडिटरचं प्रत्युत्तर. खातं म्हणतं, ‘कर्मचारी कमी होते.’ ऑडिटर म्हणतो, ‘असतील, पण नोंद ठेवायला हवीच होती.’ शेवटी एक ठरलेलं वाक्य असतं, की सुमारे सहा महिन्यांनी आम्ही याचा पाठपुरावा करू. भांडण कागदावर होतं, वाचणाऱ्याला दोन्ही बाजू एका पानावर मिळतात, आणि ब्रेकिंग न्यूज होण्याइतकं त्यात काही नसतं.

आता आपल्याकडे पाहू. कागदावर आपला कॅग इथल्या ऑडिटरपेक्षा कितीतरी भक्कम आहे. घटनेचं 148 वं कलम त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशासारखं संरक्षण देतं. पद सोडल्यावर त्याला केंद्राची किंवा राज्याची दुसरी नोकरी घेता येत नाही. त्याच्या कार्यालयाचा खर्च संचित निधीवर भारित असतो, म्हणजे कुठल्याही सभागृहाला मतदान करून तो रोखता येत नाही. डॉ. आंबेडकरांनी 30 मे 1949 रोजी घटना समितीत या अधिकाऱ्याला घटनेतला बहुधा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी म्हटलं, ते उगीच नाही. त्याच्या नेमणुकीत सरकारचाच हात असतो ही तक्रार खरी आहे, पण आत्ता माझं लक्ष दुसरीकडे आहे.

कलम 151 सांगतं, की राज्याच्या हिशेबांवरचा अहवाल राज्यपालांकडे जाईल आणि ते तो विधिमंडळापुढे ठेवायला लावतील. किती दिवसांत? ते लिहिलेलंच नाही. आपलं सगळं राजकारण या रिकाम्या जागेत चालतं.

2020 चा सप्टेंबर घ्या. कोरोनामुळे अधिवेशन दोनच दिवसांचं होतं. दुसऱ्या दिवशी जलयुक्त शिवारवरचा अहवाल आला: 9,633 कोटी खर्चूनही पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात फारसं यश नाही. योजना फडणवीसांची, सरकार महाविकास आघाडीचं. लगेच चौकशी लागली. सरकार बदललं आणि 2022 च्या डिसेंबरात ‘जलयुक्त शिवार 2.0’ मंजूर झाली. मग मार्च 2023, पुन्हा अधिवेशनाचा शेवटचा दिवस, या वेळी मुंबई महापालिकेच्या सुमारे 12,000 कोटींच्या कामांवरचा विशेष अहवाल. 214 कोटींची 20 कामं निविदेशिवाय दिल्याचं त्यात होतं. कोरोनाकाळातल्या 3,538 कोटींच्या खर्चाची कागदपत्रं तर पालिकेने साथरोग कायदा पुढे करून दिलीच नव्हती. सत्तेत शिंदे-फडणवीस, पालिका पूर्वी ठाकऱ्यांकडे. जूनमध्ये एसआयटी.

दोन्ही अहवालांत दम होता. पण दोन्ही वेळा प्रश्न ‘कोणाला ठोकता येईल’ एवढाच उरला. शेवटच्या दिवशी आलेल्या अहवालावर सभागृहात चर्चा होणार कशी? आमदार बॅगा भरत असतात. आणि आपल्याच सरकारला टोचणारा अहवाल असेल तर तो दाबून ठेवायलाही कायद्याची आडकाठी नाही. दिल्लीत ‘आप’च्या काळातले 14 अहवाल रखडलेले होते. मद्य धोरणावरचा अहवाल 2025 च्या फेब्रुवारीत सभागृहात आला तेव्हा निवडणूक होऊन सरकारही बदललं होतं. मतदाराने मत दिल्यावर त्याला हिशेब दाखवायचा, हा कुठला क्रम?

पटलावर आल्यावर अहवाल आमदारांच्या लोकलेखा समितीकडे जातो. खात्यांनी ठरावीक मुदतीत स्पष्टीकरण द्यायचं असतं, ते रखडतं, पॅरे (अहवालातले आक्षेप) साचत जातात आणि निकाली निघेपर्यंत संबंधित अधिकारी पेन्शन घेत असतो. विधिमंडळाच्या समित्यांचं वजन काय उरलंय हे 2025 च्या मे महिन्यात धुळ्यात दिसलं. अंदाज समिती दौऱ्यावर असताना शासकीय विश्रामगृहातल्या एका खोलीत 1 कोटी 84 लाखांची रोकड सापडली. माजी आमदार अनिल गोटे खोलीच्या दारात ठाण मांडून बसले होते. सरकारी खर्चाची छाननी करणारी ही समिती, आणि त्या पैशांचा मालक कोण यावर चौकशी!

पुढचे आकडे लहान नाहीत. 2024 च्या पावसाळी अधिवेशनात 94,889 कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, मोठा वाटा ‘लाडकी बहीण’चा. वर्षभराने सरकारनेच सांगितलं, की सुमारे 26 लाख लाभार्थी अपात्र दिसत असल्याने त्यांचे पैसे थांबवले आहेत, आणि त्यांत पुरुषही निघाले. यावरचा कॅगचा अहवाल केव्हा येईल, कोणाच्या सरकारात येईल, त्यावर त्याचा मथळा ठरेल.

ग्रुपवरचे उत्साही लोक म्हणतात, आपल्याकडेही ऑडिटर निवडून द्यावा. नको रे बाबा. महाराष्ट्रात तसा ऑडिटर निवडून आला तर दुसऱ्या दिवसापासून तो पालकमंत्री व्हायच्या तयारीला लागेल, आणि त्याच्या तिकिटासाठी कोणत्या कंत्राटदाराने पैसे लावले याचंच ऑडिट करायची वेळ येईल. नेमलेला, सुरक्षित कॅग मला हजारदा चालेल. मला फक्त मुदत हवी आहे: अहवाल मिळाल्यापासून अमुक दिवसांत तो पटलावर आलाच पाहिजे, अधिवेशन चालू नसेल तर अध्यक्ष-सभापतींकडे सोपवून त्याच दिवशी खुला केला पाहिजे, आणि खात्याचं उत्तर शेजारी छापलं पाहिजे. विधिमंडळाने मनावर घेतलं तर स्वतःच्या नियमांतूनही बरंच साधेल, असं मला वाटतं. मनावर घेणार नाही, कारण आजचा विरोधी पक्ष उद्या त्याच खुर्चीत बसणार आहे.

आमच्या वर्गातला एक मित्र कोषागारातून निवृत्त झाला. त्याने यावर विचारलं, “मुदत घातलीस, अहवाल वेळेत आला. पण वाचणार कोण?” त्याला म्हटलं, सगळे आमदार नाही वाचणार. पण अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या आठवड्यात आला, तर ज्या चार जणांना वाचायचा आहे त्यांना तारांकित प्रश्न टाकायला वेळ तरी मिळेल.