पेनसिल्व्हेनियात चिठ्ठी दाखवली की गांजा? खुलासा

"पेनसिल्व्हेनियात डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली की कुठल्याही मेडिकलमध्ये गांजा मिळतो," असा मेसेज फिरतोय. चूक आहे.

मुळात अमेरिकेतल्या या राज्यात डॉक्टर गांजाची चिठ्ठी लिहूनच देत नाहीत. केंद्रीय कायदा आडवा येतो. २०१६च्या राज्य कायद्यानुसार रहिवासी रुग्णाने आधी आरोग्य विभागाकडे नाव नोंदवायचं. मग त्या विभागाने मान्यता दिलेला डॉक्टर फक्त एवढंच प्रमाणित करतो, की कर्करोग, अपस्मार असा यादीतला एखादा आजार या माणसाला आहे. त्यावर ५० डॉलर भरून ओळखपत्र मिळतं (कमी उत्पन्न असेल तर सवलत). खरेदी मात्र परवानाधारक डिस्पेन्सरीतूनच, म्हणजे औषधी गांजा विकणाऱ्या खास दुकानातून. सुका गांजा २०१८पासून मिळतो, पण तो उपकरणात तापवून त्याची वाफ घ्यायची; पेटवून ओढायला मनाई. आणि घरी कुंडीत एखादं रोप? तेही नाही.

तिकडच्या आपल्या मंडळींनी एक बघावं: ग्रीन कार्डवाल्यांना राज्याचं हे ओळखपत्र ढाल म्हणून चालत नाही. राज्यात कायदेशीर असलेल्या गांजामुळेही नागरिकत्वाचा अर्ज अडू शकतो, असं अमेरिकेच्या नागरिकत्व व इमिग्रेशन खात्याने २०१९ मध्येच स्पष्ट केलं होतं.