काका, तुमचं कुत्रं गप्प करा

परवा शनिवारी रात्री अकराच्या सुमारास शेजारच्या बंगल्यातला एक पोरगा ग्लास सांभाळत कुंपणापाशी आला. म्हणतो, "काका, तुमचं कुत्रं जरा गप्प करा ना, केव्हाचं भुंकतंय."

अरे बाबा, माझ्याकडे कुत्रं नाही! ते भेकर आहे, कुत्र्यासारखं भुंकणारं छोटं हरीण. आणि ते वीस मिनिटं असं ठोके टाकल्यासारखं ओरडतंय, म्हणजे बहुतेक बिबट्याची चाहूल लागलीय त्याला. तुम्ही त्याच झाडीला पाठ करून तंदुरी हाणताय. एवढं समजावलं तर हसला. "बिबट्या? तो डीजे ऐकून पळाला असेल." डोकंच सटकलं माझं.

ठाण्याला लागून, संजय गांधी नॅशनल पार्कच्या कडेला येऊर आहे, तिथे सासऱ्यांची जुनी वाडी आहे. फार्महाऊस वगैरे काही नाही, दोन खोल्या, विहीर आणि मागच्या बाजूला एक उंबर. गेली सात वर्षं मी वर्तकनगरहून दर शनिवारी त्या उंबरासाठीच वर चढतो. (घरची कामं टाळायला जातो, हे बायकोचं मत.) फाल्गुनात पानगळ झाली की खाली पाचोळ्याचा थर साचतो. मग भेकर कितीही जपून आलं तरी ऐकू येतंच. चर्र... थांबलं. चर्र, चर्र... परत थांबलं. उंबरं पडायला लागली की स्वारी पहाटे साडेपाचला हजर, आणि बहुतेकदा एकटीच. चितळांसारखा कळप नाही की मागेपुढे पहारा नाही, त्यामुळे प्रत्येक घासाला मान वर. मी खिडकीत चहाचा कप खाली ठेवायलाही घाबरतो. एकदा पाऊस लागला, रान माजलं, की संपलं. दोन हातांवर असलं तरी दिसत नाही, नुसता आवाज. म्हणजे माझ्या वाट्याला वर्षातले जेमतेम तीन महिने.

आणि नेमका तेव्हाच या भाड्याच्या बंगल्याचा 'सीझन'!

यंदा त्यांनी हॅलोजन लावलाय, थेट माझ्या उंबरावर. पाहुण्यांना जंगल दिसावं म्हणून म्हणे! अहो, तुमच्या उजेडात दिसणार काय, खोड? रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद, हा नियम 2000 सालापासून आहे. नॅशनल पार्कभोवतीचा पट्टा 2016 मध्ये इको-सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. फोन करून हे सगळं सांगितलं की पलीकडून एकच उत्तर, "बघतो साहेब." सात वर्षं बघतायत. माझ्यापेक्षा जास्त निरीक्षण त्यांचंच झालं असेल.

त्यात ते रीलवाले. रस्त्याकडेला चितळ दिसलं की गाडी थांबवून वेफर्स पुढे करायचे, वर "सो क्यूट".

रविवारी साडेपाचला नेहमीसारखा खिडकीत बसलो. पाचोळा ढिम्म. उजाडल्यावर मागे गेलो तर पिकलेली उंबरं तशीच पडलेली, त्यांत कुंपणावरून भिरकावलेल्या कागदी प्लेटा आणि कोंबडीची हाडं. हाडांपाशी तीन भटकी कुत्री. त्यांना बघून भेकर आता कशाला फिरकतंय!

एकही भुंकत नव्हतं.